नक्कल मिळणेबाबत

"नाव धुवूक किती गेले रे?"
लिलावाच्या ओट्यावर सत्यवतीकाकी विचारते,
हात सुरमईच्या पोटात, नजर माझ्या खिशाकडे.

काय सांगू. इंजिन गेलं.
नऊ-नऊचं, केशरी टोपणाचं,
बाबांनी ज्याच्यापुढे पहिल्या दिवशी नारळ फोडला ते.
तळाशिलच्या दाजी कुबलाने घेतलं निम्म्या भावात
आणि वर म्हणाला, आवाज करता हा थोडो.

बाकीचं सुटं सुटं गेलं.
अर्ज टाइप करायला पानामागे वीस,
तोही दोनदा, कारण टायपिस्टने खोबरेकरचं खोत्रेकर केलं,
आणि एवढ्या खर्चात भलताच माणूस निर्मळ झाला असता.
प्रतिज्ञापत्र, त्यावरचा शिक्का, शिक्क्यासाठी बसलेला माणूस.
मालवण ते कोल्हापूर सात खेपा.
एकदा घाटात दरड, एकदा साहेब रजेवर,
एकदा सगळे जागेवर, फक्त फाईल नाही.
त्या दिवशी किनाऱ्याला बांगडा एवढा लागला
की गावातला बर्फ संपला.
ते पैसे कुठल्या रकान्यात लिहू?

रापणीत दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा असतो,
शेंबड्या पोरालासुद्धा मूठभर पेडवे.
इथेही तसंच.
दोरी मात्र माझ्या कमरेला.

गुन्हा रजिस्टर नंबर सदतीस, साल तेरा.
पर्ससीनवाल्यांची बोट आम्ही अडवली.
अडवली म्हणजे, बाबा पुढे उभे राहिले वल्हं घेऊन,
मी मागे, एकोणीस वर्षांचा, हातात टॉर्च.
बेकायदा जमाव, दंगल, नुकसान.
सहा वर्षांनी न्यायाधीशबाईंनी दोन ओळींत सोडलं.
पण ठाण्यातल्या कॉम्प्युटरला ते कोणी कळवलं नाही.
जहाजावरच्या नोकरीसाठी दाखला मागायला गेलो
की हवालदार स्क्रीनकडे बघून म्हणायचा,
तुझं नाव लागतंय रे.
लागतंय,
जसं ओहोटीत होडीचं बूड खडपाला.

आता लागणार नाही. आदेश आलाय:
नोंद वगळावी, कागदपत्रे नष्ट करावीत.
धुरीवकील म्हणाले, पेढे कुठायत?
मी विचारलं, नष्ट म्हणजे?

फाईलमध्ये चौतिसावं पान आहे.
"समक्ष विचारलेवरून जबाब लिहून देतो की,
मी वरील ठिकाणी राहत असून मासेमारी करून
कुटुंबाचा उदरनिर्वाह करतो.
घटनेवेळी माझा मुलगा घरी झोपलेला होता."
खाली बाबांची सही,
होडीवर नाव रंगवताना ब्रश ठिबकायचा तशी.

बाबा आयुष्यात खोटं बोलल्याचं
एवढंच लेखी आहे.
मापात मारत नसत. देवाला बोललेला नवस
तापात उठून फेडून आलेले.
मला याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत,
मीही विचारलं नाही, आणि मग विचारायला
वेळ गेली ती गेलीच.
पान पस्तीसवर पंचनामा: एक लाकडी वल्हे,
मधोमध मोडलेले, अंदाजे किंमत रुपये चाळीस.

म्हणून परवा पुन्हा गेलो.
खिडकीतला कारकून हसला,
अहो, पुसायला एवढं केलंत, आणि आता नक्कल?
फॉर्मवर कारणाचा रकाना होता.
बराच वेळ पेन धरून उभा राहिलो, मागे रांग.
मग लिहिलं, घरगुती वापराकरिता.
त्याने न वाचता शिक्का मारला: खरी नक्कल.

दोन पानं, अठ्ठावीस रुपये.
तिसाची नोट मोडायची कशी, म्हणजे वीस आणि दहा दिले,
तर वरचे दोन सुटे त्याच्याकडे नव्हते.
या सगळ्या कामात
सरकारकडे माझं येणं निघालं
ते एवढंच.